होमस्कूलिंगसाठी पुस्तकं आणि बाकीचं साहित्य कुठून मिळवायचं: नव्याने सुरू करणाऱ्या आईबाबांसाठी

आमची दोन्ही मुलं घरीच शिकतात, आम्ही नाशिकला राहतो, आणि "आम्हीपण विचार करतोय" म्हणून ज्यांचे ज्यांचे फोन येतात त्यांचा पहिला प्रश्न जवळपास ठरलेला असतो, पुस्तकं कुठली आणायची? त्यातले अर्धे जण तोपर्यंत काहीतरी मागवून बसलेले असतात, बाकीचे पीडीएफ डाउनलोड करून करून मोबाइल भरून ठेवतात. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय.

एक गोष्ट आधीच सांगते कारण खाली सगळीकडे तीच येणार आहे. मराठीत मुलांसाठी फार काही नाही असं आपण धरून चालतो, पण तसं अजिबात नाही, चांगलं आणि फुकट किंवा अगदी स्वस्त साहित्य भरपूर आहे, फक्त ते एका जागी नाही. कोणी सरकारी साइटवर ठेवलंय, कोणी पुण्यातल्या एखाद्या संस्थेत, कोणी जुन्या लायब्ररीच्या कपाटात. त्यामुळे कमी घ्या, एकेक विषयाला एकच मुख्य पुस्तक धरा आणि ते पुरत नाही असं दिसलं तरच पुढचं आणा.

१. आधी कागदपत्रं एका फाइलीत लावा

पुस्तकांच्या लेखात हे कशाला असं वाटेल, पण कोणतं पुस्तक घ्यायचं हे शेवटी मूल कुठली परीक्षा देणार त्यावर ठरतं आणि परीक्षा कुठली देता येईल हे बऱ्याचदा कागदांवर ठरतं. एवढं जवळ असू द्या:

- जन्माचा दाखला
- मुलाचं आधार कार्ड (नाव, जन्मतारीख दाखल्यातल्यासारखीच आहे ना ते बघा, स्पेलिंगसकट)
- मूल आधी शाळेत जात असेल तर शाळा सोडल्याचा दाखला, मूळ प्रत
- शेवटचं प्रगतीपुस्तक आणि शाळेच्या नोंदीतला विद्यार्थी आयडी
- पासपोर्ट साइज फोटो, पत्त्याचा पुरावा
- मुलाच्या कामाची एक फाइल, चित्रं, लिहिलेली पानं, प्रयोगांचे फोटो, वाचलेल्या पुस्तकांची यादी, सगळ्यावर तारीख टाकून

कायद्याचं थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, वय ६ ते १४. त्यात घरी शिकवण्याबद्दल वेगळं असं कलम नाही, ना परवानगी ना बंदी. पण कलम ४ लक्षात ठेवा, शाळेत कधीच न गेलेल्या किंवा मधेच शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो, म्हणजे उद्या परत शाळेत घालावंसं वाटलं तर दार बंद नाही. आणि चार घरांनी मिळून मुलं शिकवायची ठरवली तर त्याला शाळा म्हणू नका, शाळेसारखं चालवूही नका, कारण मान्यतेशिवाय शाळा चालवायला कलम १८ ने मनाई आहे.

२. शेवटची परीक्षा कुठली ते ढोबळ ठरवा

मूल सहा-सात वर्षांचं असेल तर हा भाग नुसता वाचून ठेवा. दहा-अकराच्या पुढे असेल तर बसून ठरवाच.

एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. होमस्कूलिंग करणारे बरेच जण इथूनच जातात. १९८९ साली सुरू झालेलं हे केंद्र सरकारचं बोर्ड आहे, पुण्यात प्रादेशिक केंद्र आहे. दहावीसाठी वय १४ पूर्ण लागतं, पाच विषय घ्यायचे, त्यात किमान एक भाषा. शाळेचा दाखला नसला तरी आपण अभ्यासक्रम झेपण्याइतकं शिकलोय अशी स्वयंघोषणा चालते. दहावी मराठी माध्यमातूनही देता येते हे अनेकांना माहीतच नसतं. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि प्रवेश त्याच्या कितीतरी महिने आधी घ्यावा लागतो. पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट आहेत. त्याखालच्या वयाला ओबीई (ओपन बेसिक एज्युकेशन) म्हणून अ, ब, क अशा तीन पातळ्या आहेत, साधारण तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या.

महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी आणि आठवीच्या परीक्षा आहेत, पाचवीला वय १० पूर्ण, आठवीला १३. मराठीतून शिकणाऱ्यांना हे सोपं जातं कारण भाषा ओळखीची.

तिसरा रस्ता म्हणजे १७ नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची दहावी खासगी विद्यार्थी म्हणून देणं. पण त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तो हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र. मूल शाळेत कधी गेलंच नसेल तर हा रस्ता धरून पुस्तकं घेत बसू नका.

हे इतकं का सांगतेय? कारण राज्य मंडळ आणि एनआयओएसची विज्ञानाची पुस्तकं वेगळी, धड्यांची खोली वेगळी, प्रश्नांची पद्धत वेगळी. नववीच्या वयाला दोन्ही घेऊन बसलात तर मूल थकतं. आणि एनआयओएससाठी रस्त्यावर जुनी गाइडं मिळतात ती घेऊ नका, त्यांनी आता अभ्यासक्रमाची विभागणी केलीय, काही धडे टीएमए म्हणजे घरून लिहून द्यायच्या कामासाठी आणि बाकीचे लेखी परीक्षेसाठी, जुन्या गाइडात ते काही नसतं.

३. इयत्ता बाजूला ठेवा, मूल आत्ता कुठे आहे ते बघा

शाळेतून काढल्या काढल्या लगेच पुस्तकं आणू नका. काही आठवडे नुसतं बघा. आपण होऊन काय उचलून वाचतं, वाण्याची चिठ्ठी वाचता येते का, सुट्टे पैसे मोजता येतात का, कशाबद्दल सारखे प्रश्न विचारतं. हे एका वहीत लिहा.

वाचनाची पातळी कळायला सोपी पद्धत आहे. कोणत्याही गोष्टीच्या पुस्तकाचं एक पान मोठ्याने वाचायला द्या आणि अडेल तिथे एक बोट मिटा. पानात पाच बोटं मिटली तर ते पुस्तक एकट्याने वाचायला आत्ता अवघड आहे. म्हणून ते परत द्यायचं नाही, ते तुम्ही वाचून दाखवायचं. दोन वेगळे ढीग ठेवा, एक त्याने वाचायचा, एक आपण वाचून दाखवायचा. हा दुसरा ढीग नेहमी एक-दोन वर्षं पुढचा असू दे. मराठीत मुलं जोडाक्षरांपाशी आणि अनुस्वारापाशी अडतात, त्यांना गोष्ट पूर्ण समजत असते पण डोळे मागे पडतात, तेव्हा वाचता येत नाही म्हणून बाळबोध गोष्टीच दिल्या तर ती कंटाळतात आणि आपण म्हणतो याला वाचनाची आवड नाही.

एकच मूल भाषेत चौथीच्या पुस्तकाला आणि गणितात दुसरीच्या पुस्तकाला असू शकतं. घरी शिकण्याचा हाच तर फायदा आहे, मग विषयागणिक वेगळ्या इयत्तेचं पुस्तक घ्यायला लाजायचं कशाला.

४. मुख्य पुस्तक: बालभारती किंवा एनसीईआरटी

बालभारती १९६७ पासून महाराष्ट्राची पाठ्यपुस्तकं काढतेय. ई-बालभारतीच्या साइटवर सगळ्या इयत्तांची, सगळ्या माध्यमांची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत. डाउनलोड करून आधी चाळा, पण वापरायला छापीलच घ्या. पीडीएफचे रंगीत प्रिंटआउट काढून स्पायरल करायला जेवढे पैसे जातात त्याच्या कितीतरी कमी पैशात दुकानात पुस्तक मिळतं. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना पुस्तकं मोफत मिळतात तशी आपल्याला मिळत नाहीत, विकतच घ्यायची, पण किमती इतक्या कमी असतात की तो प्रश्न येत नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकात, मुंबईत दादरला सहज मिळतात, नाशिकसकट बऱ्याच ठिकाणी बालभारतीचं स्वतःचं भांडार आहे.

जुनी पुस्तकं घेताना तीन गोष्टी बघा.

पहिलं, २०२३-२४ मध्ये दुसरी ते आठवीची पुस्तकं मधे वहीची पानं घालून चार भागांत निघाली होती, पुढे ती योजना बंद झाली. रद्दीवाल्याकडे यातला एखादाच भाग पडलेला असतो आणि मुखपृष्ठावरून पूर्ण पुस्तक वाटतं. भाग किती आहेत ते उघडून बघा.

दुसरं, जुन्या अभ्यासक्रमातलं तिसरीचं परिसर अभ्यास जिल्ह्याप्रमाणे वेगळं आहे. ऑनलाइन मागवलं तर नाशिकच्या मुलाला लातूर जिल्ह्याचं येऊ शकतं. अर्थात तेही वाईट नाही, पण आपल्या नद्या आपले तालुके त्यात नसतात.

तिसरं, पहिलीची पुस्तकं २०२५-२६ पासून नवीन आलीयत आणि वरच्या इयत्तांचीही क्रमाने बदलायची आहेत. लहान मुलासाठी जुनं पुस्तक वापरलं तरी काही बिघडत नाही, परीक्षेला बसणाऱ्याने मात्र चालू आवृत्तीच घ्यायची.

एनसीईआरटी म्हणजे पाठ्यपुस्तकं काढणारी केंद्र सरकारची संस्था, तिची पुस्तकं इंग्रजी, हिंदी, उर्दूत आहेत, मराठीत नाहीत, तीही साइटवर फुकट. घरात इंग्रजी किंवा हिंदी चालत असेल तर प्राथमिकचं गणित आणि परिसर यासाठी माझ्या मते ती छान आहेत, चित्रं आणि गप्पा जास्त, पाठांतर कमी. दोन्हीकडची एका विषयाची पुस्तकं समांतर चालवू नका पण. एक धरा, दुसरं अडलं तर उघडा.

बालभारतीच्या पुस्तकावरचा क्यूआर कोड दीक्षा या सरकारी अ‍ॅपमध्ये स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ आणि सराव उघडतात. दर्जा कमीजास्त आहे, आधी आपण बघून मग द्या.

५. गोष्टीची पुस्तकं, इथे हात आखडू नका

पाठ्यपुस्तकात कमी घ्या म्हटलं, इथे उलट सांगेन. घरी शिकणाऱ्या मुलाचं निम्मं शिक्षण गोष्टींतून होतं, भाषा तर जवळजवळ पूर्णच.

सुरुवात फुकटपासून. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर म्हणून व्यासपीठ आहे, २०१५ पासून. तिथे भाषा मराठी निवडायची, मग पातळी १ ते ४, पातळी एकमध्ये पानाला एकदोन ओळी आणि मोठं चित्र, चारमध्ये सलग मजकूर. वाचायला, डाउनलोड करायला, प्रिंट काढायला पूर्ण परवानगी आहे, अगदी आपण भाषांतर करून टाकायलाही. तीच गोष्ट हिंदीत, इंग्रजीत, गुजरातीत असते, त्यामुळे मराठीतून नीट कळलेली गोष्ट दुसऱ्या भाषेत वाचायला दिली की मूल आपोआप अंदाज बांधत वाचतं. इंग्रजीची सुरुवात करायला मला यापेक्षा बरा रस्ता दिसलेला नाही. परदेशात राहणाऱ्या मराठी घरांना हेच उलट्या दिशेने वापरता येईल.

किशोर मासिक. बालभारतीच काढते, १९७१ पासून. जुने अंक स्कॅन करून साइटवर फुकट ठेवलेत, आणि ते म्हणजे खजिना आहे, कविता, विज्ञानाचे लेख, कोडी, मोठमोठ्या चित्रकारांची चित्रं. वर्गणी फार नाही, चालू अंक पोस्टाने घरी येऊ द्या, मुलाच्या नावाने पोस्टमन काहीतरी घेऊन येतो याची मजा वेगळीच. ज्ञानप्रबोधिनीचं छात्र प्रबोधन थोड्या मोठ्या मुलांसाठी, वयम् दहाच्या आसपासच्यांना, आणि अगदी लहानांसाठी चिकूपिकू. सगळी एकदम लावू नका, एक लावा, ते संपतंय का बघा.

नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका. पातळ पुस्तकं, किंमत कमी, मराठीत बरीच, आणि देशभरातल्या गोष्टी. ती दुकानांत कमी दिसतात, पुस्तक प्रदर्शनात ट्रस्टचा स्टॉल शोधायचा किंवा त्यांच्या साइटवरून मागवायची.

विकत घ्यायचीच असतील तर ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं बघा. माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेले 'वाचू आनंदे'चे भाग, बालगटाचे दोन आणि कुमारगटाचे दोन, हे माझ्या मते मराठी घरी शिकवणाऱ्यांसाठी पैसे घालावेत असं पुस्तक आहे. मराठी साहित्यातले निवडक उतारे, कविता, शेजारी भारतीय चित्रं आणि भाषेचे खेळ. वेगळं भाषेचं पाठ्यपुस्तक नसलं तरी चालावं इतकं त्यात आहे. लिहिण्याकडे, शुद्धलेखनाकडे वळायचं झालं की त्यांचंच 'लिहावे नेटके' आहे, ते मोठ्या मुलाला द्या, लहानाला नको.

नुकतं वाचायला शिकणाऱ्यांसाठी अजून एक. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यात सोनाळे इथे क्वेस्ट ही संस्था आहे, मराठी वाचायला शिकवण्यावर त्यांनी अनेक वर्षं काम केलंय, त्यांचं साहित्य आणि व्हिडिओ शोधून बघा. अख्खी बाराखडी आधी घोटून मग शब्द, असं न करता थोडी अक्षरं थोड्या मात्रा घेऊन लगेच अर्थाचे शब्द वाचायचे, ही पद्धत घरी फार सोपी पडते.

६. गणित आणि विज्ञान: आधी हातात, मग पुस्तकात

अरविंद गुप्ता टॉइज ही साइट माहीत नसेल तर आजच उघडा. अरविंद गुप्ता पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षं होते, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. टाकाऊतून खेळणी करायचे व्हिडिओ, आणि मराठी, हिंदी, इंग्रजी पुस्तकांचे ढीग, सगळं फुकट.

तिथलं सगळ्यात साधं एक सांगते. काड्यापेटीतल्या काड्या घ्यायच्या, गूल ब्लेडने खरवडून टाकायचं (हे मोठ्यांनी करायचं), सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्ह ट्यूब आणायची आणि सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे तुकडे करायचे. तुकड्याच्या दोन्ही टोकांतून काड्या घातल्या की जोड तयार. तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि दाबा, हलत नाही. चार काड्यांचा चौकोन दाबा, लगेच तिरका होतो. आता विचारा, याला न मोडता ताठ कसं करशील? मूल थोडा वेळ खटपट करतं आणि मग कर्णावर एक काडी घालायला बघतं, काडी आखूड पडते, का आखूड पडते हा पुढचा प्रश्न. मग रेल्वेचा लोखंडी पूल, विजेचे मोठे टॉवर, पत्र्याच्या शेडची कैची, जिथे तिथे त्रिकोण दिसायला लागतात. याला खर्च आला काडीपेटीचा आणि ट्यूबचा.

गणितासाठी गणितमाळ करा. शंभर मणी, दहा लाल दहा पांढरे असे आलटून पालटून ओवलेले. ४७ दाखव म्हटलं की चार रंगपट्टे आणि सात मणी, दशक-एकक डोळ्यांना दिसतात. मराठी आकड्यांची नावं मुलांना जड जातात, एकोणतीस म्हणताना तीस ऐकू येतं आणि लिहिताना दोन आधी. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आणलं तेव्हा राज्यभर वाद झाला होता, पण घरी कोणाला विचारायचंय, सुरुवातीला माळेवर 'वीस नऊ' म्हणा आणि सोबत एकोणतीस म्हणत राहा, दोन्ही बसतं.

तिसरी ते पाचवीच्या वयाच्या विज्ञानाला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्मॉल सायन्स मालिका आहे. हे केंद्र मुंबईत मानखुर्दला आहे, टीआयएफआर म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, १९७४ पासूनचं. पाठ्यपुस्तक, वर्कबुक आणि शिक्षकांचं पुस्तक असे तीन भाग, साइटवर मिळतात. आईबाबांनी शिक्षकांचं पुस्तक आधी वाचा, मुलांना काय प्रश्न पडतात आणि चुकीच्या कल्पना कुठल्या असतात ते त्यात छान दिलंय. वर्कबुकमध्ये उत्तर शोधायला बाहेर जाऊन बघावं लागतं, त्यामुळे एका दिवसात उरकायला जाऊ नका.

मराठीतून विज्ञान वाचू शकणाऱ्या मोठ्या मुलांसाठी मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका आणि शैक्षणिक संदर्भ हे द्वैमासिक. पालकनीती मासिक मात्र आपल्यासाठी, मुलांसाठी नाही, जुने लेख ऑनलाइन आहेत, रात्री मुलं झोपल्यावर वाचा.

७. इतिहास, भूगोल

यात पाठ्यपुस्तकापेक्षा आपलं गाव उपयोगी. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांच्या पोर्टलवर लॉगिन करून १:५०,००० चे नकाशे पीडीएफमध्ये फुकट घेता येतात, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. झेरॉक्सवाल्याकडून मोठा प्रिंट काढला. आमच्याकडे पांडवलेण्याचा डोंगर समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) शोधला, रेषा जिथे चिकटून आहेत तिथे चढ उभा असणार असं मुलांनी आधी सांगितलं आणि मग जाऊन खरंच आहे का ते चढून बघितलं. समोच्च रेषा परत शिकवाव्या लागल्या नाहीत.

माहिती तपासायला मराठी विश्वकोश ऑनलाइन पूर्ण फुकट आहे, कुमार विश्वकोशही. मूल बाराच्या पुढे असेल तर जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे सरकारने काढलेला जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ, उघडून द्या, नाशिकचं जुनं इंग्रजी १८८३ चं आहे, त्यात आपल्या गावात तेव्हा काय पिकत होतं, बाजार कुठल्या वारी भरायचा हे वाचायला मुलांना भारी वाटतं. साहित्य संस्कृती मंडळाच्या साइटवरही मराठी पुस्तकं फुकट मिळतात, पण बरीचशी मोठ्यांची आहेत, निवडून द्यावी लागतात.

८. लायब्ररी लावाच

महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे तालुक्यांच्या गावांतसुद्धा अनुदानित वाचनालयं आहेत, अ, ब, क, ड अशा वर्गांची. आमचं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. पुण्यात नगर वाचन मंदिर, ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय, मुंबईत दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. गोव्यातल्यांना पणजीत पाट्टोला मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ पासूनचं, मुलांचा विभाग आहे. अनामत आणि महिन्याची वर्गणी एवढाच खर्च.

जायच्या आधी विचारायच्या गोष्टी: बालविभाग वेगळा आहे का, मुलाला स्वतः कपाटापर्यंत जाऊ देतात का, की यादीतून नाव सांगायचं? हे दुसरं असेल तर ग्रंथपालांशी बोला. आम्ही घरी शिकवतो, मुलं दुपारी येऊन बसतील, असं सांगितलं की बहुतेक ठिकाणी आनंदाने हो म्हणतात, दुपारी तिथे कोणी नसतंच. आणि मुलाच्या नावाचं वेगळं कार्ड काढा, आपल्या कार्डावर नको.

सुट्टीत पाचगणीजवळच्या भिलारला जा, २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत विषयवार पुस्तकं ठेवलेली असतात, कुठेही बसून वाचायचं. घरी नेता येत नाहीत, तिथेच वाचायची, त्यामुळे एक मुक्काम ठेवा.

९. फसगत होते ती इथे

- "डायरेक्ट दहावी, गॅरंटीड पास" वाले एजंट. बोर्डाचं नाव खऱ्या बोर्डासारखंच ठेवतात. प्रवेश फक्त अधिकृत साइटवरून, स्वतःच्या मोबाइल नंबरने घ्या, ओटीपी कोणाला देऊ नका.
- वर्षभराचा महागडा बॉक्स. परदेशी अभ्यासक्रमावर बेतलेला असतो, त्यात नाणी सेंटची, मापं इंचात, ऋतू बर्फाचे. सहा-सात वर्षांच्या मुलाला रुपये, लिटर आणि पावसाळा आधी कळू दे. घ्यायचाच असेल तर एका महिन्याचा नमुना मागा, नाही म्हणाले तर सोडून द्या.
- व्हॉट्सअप ग्रुपवरच्या पुस्तकांच्या पीडीएफ. वर इतकं फुकट आणि कायदेशीर सांगितलंय, मराठी प्रकाशक आधीच कमी प्रती काढतात, त्यांची पुस्तकं चोरून वाचली तर पुढची निघणार कशी.
- व्हिडिओ लावून देऊन कामाला लागणं. खान अकॅडमीवर मराठीतही गणित आहे, चांगलं आहे, फुकट आहे. पण शेजारी वही-पेन्सिल हवी आणि व्हिडिओ थांबवून गणित सोडवायचं, नुसतं बघितलं तर सगळं समजल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी कोरी पाटी.
- भावंडांना एकच पुस्तक, त्यातच लिहायचं. वर्कबुकवर लिहू नका, वहीत लिहा, पुस्तक धाकट्याला आणि मग दुसऱ्या घराला जातं.

१०. माणसं शोधा

स्वशिक्षण नावाचा होमस्कूलिंग करणाऱ्या पालकांचा देशभरचा गट आहे, तिथे आपल्या शहरातलं कोणीतरी भेटतंच. बोलणं बरंचसं इंग्रजीत चालतं, बिचकू नका, मराठीत विचारलं तरी मराठीत उत्तर देणारे आहेत. चार घरं जमली की पुस्तकं फिरवा, प्रत्येकाने वेगळं मासिक लावायचं आणि महिन्याने बदलायचं.

याशिवाय पुस्तकात नसलेले शिक्षक आजूबाजूला असतात. आजीला ओव्या येतात, खालच्या मजल्यावरचे काका बँकेतून रिटायर झालेत, गल्लीतले सुतारकाका मापं तोंडी करतात. विचारलं की लोक वेळ देतात. पुण्यात असाल तर आयुकात शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारी व्याख्यानं होतात, मुंबईत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आहे, तिथे एका दिवसात सगळं बघायचं नाही, एक दालन बघून परत यायचं.

११. कधी काय घ्यायचं

एप्रिल-मे महिन्यात शाळा संपल्या की जुनी पुस्तकं निघतात, रद्दीच्या दुकानात आधीच सांगून ठेवा. जूनमध्ये बालभारतीची नवी पुस्तकं दुकानात येतात पण पहिल्या दोन आठवड्यांत गर्दी आणि काही विषय संपलेले असतात, आपल्याला कुठे शाळेची घंटा गाठायचीय, जुलैत घ्या. थंडीत ठिकठिकाणी पुस्तक प्रदर्शनं लागतात, मुलाच्या हातात ठरावीक पैसे द्या आणि काय घ्यायचं ते त्याला ठरवू द्या, तुम्हाला ते पुस्तक फालतू वाटलं तरी.

आणि दिवाळी अंक. मुलांसाठीचे अंक नवे घेतले तर महाग पडतात, बहुतेक वाचनालयांची दिवाळी अंक योजना असते, थोडे पैसे भरून सगळे अंक आलटून पालटून घरी नेता येतात, त्यात बालविभागाचे अंक आहेत का ते नाव नोंदवतानाच विचारा. योजना संपली की पुढच्या काही महिन्यांत हेच अंक वाचनालयं निम्म्याहून कमी किमतीत विकायला काढतात, तारीख फळ्यावर लावतात. ग्रंथपालांकडे नंबर देऊन ठेवा, मुलांचे अंक पहिल्याच दिवशी जातात.